न पाहिलेलं मद्रास

मी भित्रा माणूस आहे. हे लिहायला मला साठी ओलांडावी लागली, म्हणून आधी तेच लिहून टाकतो. आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्यात, आमचं ऑइल इंजिन आणि मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. त्या दुकानाच्या मालासाठी मी वर्षातून एकदा, कधी दोनदा, एकटा मद्रासला जायचो. तेरा वर्षं गेलो. गावात माझी ओळख होती हिंडलेला, पाहिलेला माणूस अशी. कोणाचा पोरगा हैदराबादला शिकायला निघाला की बाप त्याला हाताला धरून आमच्या दुकानात आणायचा आणि म्हणायचा, "सांग बाप्पा याले, परक्या शहरात कसं राहा लागते." मग मी पायावर पाय टाकून सांगायचो. एकट्याने प्रवास करण्यात कशी मजा असते, कुठे काय खावं, संध्याकाळ कशी घालवावी, सगळं. तो पोरगा डोळे विस्फारून ऐकायचा. आज तो भेटला तर मी रस्ता बदलीन.

पहिल्या खेपेला मी बावीस वर्षांचा होतो. तोवर माल आणायला बाबा जात. त्या वर्षी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. मद्रासचा माल टिकतो ही बाबांची श्रद्धा. नागपूरच्या पिस्टन रिंगांकडे ते बघतही नसत. मला चंद्रपूर माहीत होतं, वणी माहीत होतं, यवतमाळला तर मावशीच होती. कागदोपत्री ती गावं दुसऱ्या राज्यातली, पण पैनगंगा ओलांडली की आम्हाला घरच्यासारखं वाटे. मद्रास मात्र सगळ्याच्या पलीकडे होतं. निघताना बाबांनी एकच सल्ला दिला. "आपण नवखे आहोत हे कोणाले दिसू देऊ नको. नवखा दिसला का लुटला."

त्या सल्ल्याने माझं वाटोळं केलं. बल्लारशाला गाडीत बसलो तेव्हापासून मी नवखा न दिसण्याच्या मागे लागलो. पिशवीचा बंद पायाला बांधून घेतला आणि वर धोतर टाकून झाकला. शेजारचा काही विचारू लागला की झोपेचं सोंग. मद्रासला उतरलो तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. पाट्या वाचता येईनात, बोलणं कळेना, आणि एवढी माणसं मी बाजाराच्या दिवशी आदिलाबादलाही पाहिली नव्हती. स्थानकामागे बाबांचा ठरलेला लॉज होता. खोलीत शिरलो, कडी लावली आणि लोखंडी खाट ओढून दाराला टेकवली. दारावर टकटक झाली तरी मी कडी काढत नसे. पाणी द्यायला आलेला माणूस थोडा वेळ उभा राहायचा, काहीतरी पुटपुटायचा आणि तांब्या बाहेरच ठेवून जायचा.

दुकानांची गल्ली लॉजपासून चार-पाचशे पावलांवर. दुकानदाराला बाबांनी लिहून दिलेली यादी दाखवली, त्याने मान डोलावली, माल बांधला, रेल्वेने पाठवायची सोय केली. अर्ध्या दिवसात काम संपलं. परतीचं तिकीट होतं तिसऱ्या दिवसाचं, कारण बाबा म्हणाले होते, एवढा दूर जातोस तर शहर पाहून घे. मी शहर पाहिलं नाही. लॉजच्या दाराशी केळी मिळत, ती आणून ठेवली आणि अडीच दिवस खोलीत बसलो. खिडकीतून एक भिंत दिसे आणि भिंतीच्या टोकाला रस्त्याचा हातभर तुकडा. त्या तुकड्यातून जाणारी माणसं मी बघत राहिलो.

परत येताना एकच ठरवलं होतं. घरी पाय ठेवला की सांगून टाकायचं, पुन्हा जाणार नाही, दुसरा कोणी पाठवा.

आमच्या गल्लीत एक रीत होती. लांबून आलेल्याची पिशवी घरचे लोक आपल्या आपण उघडत नसत. आधी शेजारपाजार जमायचा, चहा व्हायचा, आलेल्याने गाव सांगायचं, मग पिशवी उघडायची. न सांगता पिशवी उघडली तर माणूस काहीतरी लपवतो असं धरत. मी पोचलो तेव्हा दहा-पंधरा माणसं ओसरीवर बसलेली. बाबा भिंतीला टेकून, पोटावर हात ठेवून. आणि सगळ्यांत पुढे माझी बहीण. आईबाबांना उशिरा झालेली, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, तेव्हा आठ वर्षांची.

"दादा, समुद्र पाह्यला?" तिने विचारलं.

बाबांनी मान वर केली. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि "व्हय" म्हणालो.

"कसा असते?"

आमच्या गावच्या न्हाव्याच्या दुकानात एक कॅलेंडर होतं. त्यावर समुद्र, एक होडी आणि पाण्यात अर्धा बुडालेला लाल सूर्य. मी ते चित्र सांगितलं. संध्याकाळी मी वाळूवर बसलो, म्हणालो, आणि समोर सूर्य हळूहळू पाण्यात गेला, पाणी सगळं कुंकवासारखं झालं. ओसरीवर कोणी हलेना. बाबांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी पुढे सांगतच सुटलो. तिथल्या बायका केसात केवढी फुलं माळतात, एका म्हाताऱ्याने मला कशी कॉफी पाजली, मी पायी कुठे कुठे हिंडलो. त्या खिडकीतल्या हातभर रस्त्यावर जे दिसलं होतं त्याला हातपाय लावले. थापा मारताना मला जी मजा आली ती मद्रासला तिळभर आली नव्हती. आता 'जाणार नाही' म्हणायची सोयच उरली नाही.

मग दर वर्षी तेच. निघायच्या आठ दिवस आधीपासून अन्न जात नसे. आई म्हणायची, जायच्या आनंदात पोरगा जेवतही नाही. तिकडे खाट दाराला, केळी, खिडकी. येताना स्थानकावरच्या टपरीतून मूठभर शिंपले विकत घ्यायचे आणि घरी 'समुद्रावर वेचले' म्हणून वाटायचे.

एकदा मात्र खरंच मरायची वेळ आली होती. पाट्या वाचता येत नसल्याने मी रस्ता रंगांवर लक्षात ठेवायचो. निळ्या दुकानाशी उजवीकडे, पिवळ्या भिंतीशी डावीकडे. त्या वर्षी कोणीतरी निळं दुकान हिरवं करून टाकलं होतं. मी सरळ पुढे गेलो. दहा मिनिटांत गल्ल्या अनोळखी झाल्या. भर दुपार, घशाला कोरड. कोणालाही विचारता आलं असतं, हिंदी कळणारा एखादा भेटलाच असता. पण विचारलं की नवखा दिसणार. म्हणून मी भराभर चालत राहिलो, फार महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसासारखा. तीन तास. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते घाम पुसल्यासारखं पुसत होतो. शेवटी घरांच्या वरून स्थानकाचा लाल मनोरा दिसला तेव्हा मी तिथेच दगडावर बसलो. घरी आल्यावर हाच प्रसंग मी 'यंदा जुनं मद्रास पायी पाहिलं' असा सांगितला.

बहीण मोठी होत गेली आणि माझं सांगणं वहीत लिहू लागली. वहीवर तिने नावही घातलं होतं, 'परक्या शहरात एकटं आणि मजेत'. मी काय सांगायचो ते त्यात नीट मांडलेलं असे. पहिल्या दिवशी थोडंच फिरावं. रोज एकाच जागी चहा घ्यावा म्हणजे ओळख होते. संध्याकाळी पाण्याकाठी बसावं. मागच्या वर्षी मी वेगळं काही सांगितलं असेल तर ती वही काढून चूक दाखवायची, आणि मी म्हणायचो, "अवो बाई, शहर बदलत असते." ती हसायची आणि तेही लिहून घ्यायची. तिला कशाचीच भीती वाटत नाही असं सगळे म्हणत. दादावर गेली, म्हणत.

ती इंटर, म्हणजे बारावी, झाली. दोन-तीन वर्षांनी आमच्याच जिल्ह्यातल्या उटनूरला डोळ्यांच्या तपासणीचं मोठं शिबिर भरलं होतं, त्यात ती मदतीला गेली. मराठी, तेलुगू आणि थोडीफार गोंडी येत असल्याने म्हाताऱ्या बायांचं म्हणणं ती डॉक्टरांना समजावून सांगायची. शिबिरातल्या मोठ्या डॉक्टरबाई मद्रासच्या एका दवाखान्यातल्या. त्या बहिणीला म्हणाल्या, आमच्याकडे डोळे तपासायचं दोन वर्षांचं शिक्षण आहे, वसतिगृह आहे, ये. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि वणीकडचं एक स्थळ बाबांनी जवळजवळ पक्कं केलं होतं.

दोन महिने घरात धुसफूस चालली. शेवटी बाबा तिला म्हणाले, "जाय. पण मधातून वापस आली तर मंग काई बोलाचं नाई. लगन. पुन्यांदा घराबाहीर पडाचं नावही काढाचं नाई." आणि वर म्हणाले, "भेवाचं काऊन? तुहा दादा बाविसाव्या वर्षी एकटा गेलता. मजेत राहून येते."

मी तिथेच उभा होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो असतो तर कदाचित तिला जाऊच दिलं नसतं, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण ते नव्हतं. माझी इज्जत जाणार होती.

बल्लारशापर्यंत मी तिला सोडायला गेलो. पुढे तिकडच्या स्थानकावर डॉक्टरबाई माणूस पाठवणार होत्या. गाडी आली, ती चढली, खिडकीशी बसली. चेहरा पांढरा पडला होता. "दादा, काई राह्यलं का सांगाचं?" तिने विचारलं. मी म्हणालो, "काई नाई. मजा कर." गाडी गेली आणि मला काय वाटलं ते लाज सोडून लिहितो. मला हायसं वाटलं, की या वेळी गाडीत मी नाही.

तिची पत्रं येऊ लागली. पंधरा दिवसांनी एक पोस्टकार्ड. बसथांब्याजवळ एसटीडी बूथ निघाला होता, पण वसतिगृहाचा फोन फक्त निकडीसाठी. पत्र आलं की बाबा ते दुकानात गिऱ्हाइकांसमोर मोठ्यांदा वाचायचे. ती मजेत होती. एका म्हाताऱ्याने तिला कॉफी पाजली होती. ती रोज एकाच जागी चहा घेत होती. तिने जुनं मद्रास पायी पाहिलं होतं. बाबा वाचता वाचता माझ्याकडे अभिमानाने बघायचे, आणि मीही खुळ्यासारखा खूश व्हायचो. तिकडे खरंच असंच असेल, मनात म्हणायचो, आपणच पाहिलं नाही.

चौथ्या महिन्यातल्या एका पत्रात तिने लिहिलं, 'काल संध्याकाळी समुद्रात सूर्य बुडताना पाहिला. दादा सांगतो तस्साच.'

त्या दिवशी दुकानात एक ट्रकवाला बसला होता. आदिलाबादहून कापसाच्या गाठी घेऊन दक्षिणेकडच्या गिरण्यांना जाणारा, वाटेत पंख्याचा पट्टा तुटला म्हणून आलेला. तो हसायला लागला. "काकाजी, मद्रासले सूर्य पान्यात बुडत नाई. पान्यातून निंगते. समुद्र उगवतीकडं हाये थो. मावळतीले पाठीमागं घरं असतात."

"पोरीची दिशा चुकली असंन," बाबा म्हणाले आणि कार्ड खिशात ठेवलं. त्यांना काही वाटलं नाही. तेरा वर्षं मीही तेच सांगत होतो हेदेखील त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मी मात्र आतल्या खोलीत जाऊन तिची सगळी कार्डं काढली आणि एका बैठकीत वाचली. एकही वाक्य तिचं नव्हतं. म्हातारा माझा, कॉफी माझी, चहाची जागा माझी. वहीतून उतरवलेलं होतं सगळं. चार महिने माझी बहीण तिथे काय करत होती हे बेल्यात एकट्या मला कळत होतं. ती वसतिगृहाच्या फाटकाच्या आत बसली होती आणि तिलाही एक भिंत दिसत होती.

संध्याकाळच्या बसने निघालो. बाबांना सांगितलं, इंजिनाच्या नोझलचा माल संपत आला आहे.

त्या खेपेइतकी भीती मला कधीच वाटली नव्हती. या वेळी लॉजमध्ये शिरून खाट दाराला लावता येणार नव्हती. वसतिगृह शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि मला चार-पाचशे पावलांपलीकडचं मद्रास ठाऊक नव्हतं. पत्त्याचा कागद रिक्षावाल्याला दाखवला. त्याने तो उलटासुलटा केला, काही बोलला, मी मान हलवली. रिक्षा कुठे कुठे वळत गेली आणि दर वळणाला मला वाटे, आता हा आपल्याला कुठेतरी नेऊन सोडणार. मी दोन्ही हातांनी पुढची दांडी धरून होतो. उतरलो तेव्हा बोटं सरळ होईनात.

वसतिगृहाच्या बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन आल्या. चार ते पाच भेटीची वेळ होती. मला एका बाकावर बसवलं. बहीण आली. गालफडं बसली होती. मला पाहून ती धावली नाही. जागच्या जागी उभी राहिली आणि म्हणाली, "माही पेटी भरूनच हाये दादा. रविवारी निंगणार होती. ठेसनावर कसं जा लागते तेच मालूम नोहतं."

मला तेच बरं वाटलं असतं. चल, म्हणायचं आणि दोघांनी पळायचं. दोन भित्री माणसं एका गाडीत. वणीचं स्थळ, लग्न, सगळं सुरळीत, आणि माझं गुपित जिथल्या तिथे. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं, खोटं कशाला सांगू.

ती बाकावर बसली. "पह्यल्या रविवारी साऱ्या पोरी बाहीर गेल्या," ती म्हणाली. "मी फाटकापावतर गेली. पाय उचलेच ना. दर रविवारी जातो अन वापस येतो. वही वाचतो. दादानं कसं केलं असंन, म्हणतो. मले काऊन जमत नाई?"

मग मी सांगितलं. तिच्याकडे न बघता, समोरच्या नळाकडे बघत. समुद्र मी पाहिला नाही. म्हातारा नव्हता. शिंपले विकत घेतलेले. तेरा वर्षं खोलीची कडी लावून केळी खाल्ली आणि घरी येऊन थापा मारल्या. हरवलो तेव्हा रडलो. आत्ता रिक्षात बसताना छाती फुटायची बाकी होती. सूर्य न्हाव्याच्या कॅलेंडरवरचा.

मला वाटलं, हसेल. लहानपणी चूक सापडली की हसायची तशी. मी वळून पाहिलं तर ती माझ्याकडेच रोखून बघत होती.

"चार महिने," ती म्हणाली, "चार महिने मले वाटून राह्यलं होतं का साऱ्या घरात मीच एक भित्री निंघाली. शिकाले आली अन बापाचं नाक कापून चालली. रात-दिवस तेच. अन तू घरी बसून माही पत्रं आयकत होता?"

असं कोणी माझ्यावर कधी चिडलं नव्हतं, आणि इतकं बरोबरही कोणी चिडलं नव्हतं. मला माफी मागायची होती. मी रडलो. ती रडली नाही.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "इतका भेत होता तर दरसाल जात काऊन होता?"

"दुकान होतं. माल आणाच लागे."

"माल येतच होता ना? दरसाल?"

"व्हय."

ती त्यावर विचार करत राहिली. हिशेब जमतो का पाहताना बाबा जसे कपाळाला आठ्या घालतात तशा आठ्या घालून. वसतिगृहाच्या बाईंनी दाराशी येऊन किल्ल्या वाजवल्या. पाच वाजले होते.

"पेटी आन," मी म्हणालो. "मी थांबतो बाहीर."

"तू जाय," ती म्हणाली आणि उठली.

"अन तू?"

"उद्या तपासणीचा वर्ग हाये." एवढं बोलून ती चालायला लागली. दाराशी पोचली तेव्हा मी मागून ओरडलो, "घरी काय सांगू?"

ती वळली. चेहरा अजून तसाच पांढरा होता, बल्लारशाला खिडकीत दिसला होता तेवढाच.

"भेते, म्हणाव," ती म्हणाली. "लय भेते, म्हणाव. अन राहून राह्यली."